नागपूरच्या बर्डी बाजारातली इंग्रजी शब्दकार्डं: चाल झकास, स्वभाव कच्चा

चालण्याच्या क्रियापदांचा गठ्ठा उत्तम. स्ट्रोल म्हणजे रमतगमत, फुटाळा तलावाच्या काठावर चालतात तसं. लिम्प म्हणजे लंगडत. ट्रज म्हणजे दमून पाय ओढत. प्रत्येकाला चित्र आहे, त्यामुळे छटा चटकन कळते. स्वभावाच्या गठ्ठ्यात मात्र गोची: थ्रिफ्टी आणि स्टिंजी, दोन्हींपुढे ‘काटकसरी’च छापलंय. पहिलं कौतुक, दुसरं म्हणजे चक्क चिक्कू. मुलाखतीत उलटं बोललात तर झालं! अशा कार्डांवर पेनाने अधिक-उणे खूण करून ठेवा. फ्राउन म्हणजे नाराजीचा चेहरा करणं; त्याच्या चित्रात नुसते ओठ वाकडे. ब्रिटिश वापरात कपाळाला आठ्या हव्यात. रोज ५ कार्डं पुरे, उजळणी १, ३ आणि ७ दिवसांनी. प्रत्येक शब्दाचं स्वतःचं एक वाक्य करा, नाहीतर बोलताना तो सुचत नाही. लॅमिनेशन नाही, कोपरे लवकर दुमडतात.