दहा पटीचं घडीचं भिंग: मावा उडायच्या आधी कळतो

गेल्या रब्बीत सोलापुरातून हे भिंग आणलं, १८० रुपयांना. मिटून खिशात बसतं. करडई करणाऱ्या प्रत्येकीने घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आमची मंगळवेढ्याकडची काळी जमीन, ज्वारीत करडईचे पाटे. डिसेंबरात आभाळ आलं की काळा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढतोच, तोही आधी बांधाकडच्या झाडांवर. आधी मी पिवळ्या चिकट सापळ्यांच्या भरवशावर होते. ‘हे लावा, फवारायची गरज नाही,’ असं एका दुकानदाराने सांगितलं होतं. पण सापळ्याला चिकटतो तो पंखवाला मावा. शेंड्यात सोंड खुपसून बसलेला बिनपंखी तिकडे फिरकतच नाही. त्या वर्षी चार ओळी माव्याच्या चिकट स्रावाने काळ्या पडल्या.

बिनपंखी मादी नराशिवायच जिवंत पिल्लं घालते. शेंडा कोवळा, जागा मोकळी, तोवर पिल्लंही बहुतेक बिनपंखीच. अंगाला अंग घासू लागलं, शेंडा निबर झाला, की त्याच माद्यांना पंखवाली पिल्लं होऊ लागतात. भिंगातून ती ओळखू येतात: खांद्यांशी दोन्ही बाजूंना चपट्या कळ्या. जानेवारीत एका शेंड्यावर मला अशी सात सापडली. एक तर कात टाकत होतं. पंख ओले, पांढुरके, चुरगळलेले. गुरांना वैरण टाकून आले तोवर ते सरळ झाले होते. त्याच दिवशी बांधाकडच्या तेवढ्याच ओळी फवारल्या, आतल्या, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना धक्का लावला नाही. मावा आत पसरलाच नाही.

आता उणं. काच डोळ्याला लावून शेंडा इंचभरावर आणावा लागतो. सासूबाईंनी हातभर लांब धरलं, त्यांना सगळं धुरकट दिसलं. स्क्रू दोन महिन्यांत ढिला झाला. दोरी सोबत येत नाही, मी लाल नाडी बांधली. काळ्या रानात पडलं तर सापडायचं नाही.

नणंदेचं भंडाऱ्याला भात असतं, तिच्यासाठी दुसरं घेतलं. तपकिरी तुडतुड्यांचंही असंच: आखूड पंखांच्या माद्या बुंध्याशी बसून अंडी घालतात, आणि गर्दी झाली, भात पिकायला आला की लांब पंखांचे निघतात. मोठे तुडतुडे तिला नुसत्या डोळ्यांनी दिसतात, पिल्लांना मात्र भिंगच लागतं. तिच्या भिंगाला नाडी जरा लांब बांधून दिली आहे, बांधीत वाकावं लागतं तिला.