जुनी हायब्रिड आणि ओबीडी स्कॅनर : दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतर

दहा-बारा वर्षांची हायब्रिड (इंजिन आणि विजेची मोटर दोन्हीवर चालणारी गाडी) दारात असेल आणि ती विकायची नसेल, तर ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड मोबाईलवर दाखवणारा छोटा स्कॅनर, घ्याच. डॅशबोर्डवरचा दिवा काहीतरी बिघडलंय एवढंच सांगतो, कुठे ते सांगत नाही. आणि हायब्रिडमध्ये बिघाड कुठे आहे यावर खर्च काही शे रुपयांचा की लाखांचा हे ठरतं.

वापर सोपा आहे. स्टीअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात अडॅप्टर बसवायचा आणि मोबाईलवर अ‍ॅप उघडायचं. बटणस्टार्ट गाडीत ब्रेकवर पाय न ठेवता बटण दोनदा दाबलं की इग्निशन चालू होतं आणि कोड वाचता येतात.

पहिला उपयोग थंडीत झाला. गाडी बरेच दिवस उभी होती. चालू केली तर एबीएस, स्टीअरिंग, लाल त्रिकोण, हायब्रिडची सूचना, सगळे दिवे एकदम लागले. घरातल्यांना वाटलं मोठं काहीतरी गेलं. स्कॅनरवर निरनिराळ्या युनिटचे (गाडीतल्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांचे) ‘यू’ने सुरू होणारे कोड होते, म्हणजे युनिटांचं आपसातलं बोलणं तुटलेलं. एकाच वेळी इतकी युनिटं खराब होत नाहीत, तेव्हा आधी वीजपुरवठा तपासायचा. डिकीतल्या बारा व्होल्टच्या लहान बॅटरीला मल्टिमीटर लावला, ती १२ च्याही खाली उतरली होती. नवी बॅटरी बसवली आणि सगळे दिवे गेले. साध्या गाडीत बॅटरी दमली की स्टार्टर जड फिरतो आणि आपल्याला कळतं. बऱ्याच हायब्रिडमध्ये इंजिन मोठ्या पॅकच्या (मोटर चालवणाऱ्या मुख्य बॅटरीच्या) जोरावर सुरू होतं, लहान बॅटरी फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करते, त्यामुळे ती मरायला टेकली तरी पत्ता लागत नाही. तिला चार्ज करायला अल्टरनेटरही नसतो, ते काम मोठ्या पॅकची वीज कमी व्होल्टवर आणणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. गाडी ‘रेडी’त, म्हणजे चालायला तयार असताना या बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले म्हणजे कन्व्हर्टर ठीक आहे.

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली. चौघांना घेऊन भर दुपारी पन्हाळ्याचा चढ चढताना पिवळा इंजिनचा दिवा आणि ‘चेक हायब्रिड सिस्टीम’ आलं. दुसऱ्या दिवशी एका वर्कशॉपने नुसता दिवा बघून पॅक बदलावा लागेल म्हणून कोटेशन हातात दिलं. मी घरी येऊन कोड वाचला : पी०ए८२. पॅक खराब झाल्याचा कोड पी०ए८० असतो. पी०ए८२ हा पॅक थंड ठेवणाऱ्या पंख्याचा. शेवटचा एक आकडा वेगळा, पण दुखणं पूर्ण वेगळं. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही साठते, त्यात पॅकचं तापमान चढलेलं स्पष्ट दिसत होतं.

उद्यमनगरातल्या माझ्या नेहमीच्या मिस्त्रींना मोबाईल दाखवला. ते म्हणाले, “साहेब, असा आकडा समोर असला की कामाला दिशा येती. नुसत्या दिव्यावर काय बोलायचं?” मागच्या सीटशेजारची हवेची जाळी काढली तर आत धूळ आणि केसांचा नमदाच बसला होता. हा पंखा केबिनमधलीच हवा ओढतो, त्यामुळे सीटवर टाकलेल्या चादरीचा कचरासुद्धा तिथेच जाऊन बसतो. पंखा काढून साफ केला, कोड पुसला आणि पुढच्या रविवारी तोच चढ पुन्हा चढलो. तापमान पाहिजे तिथेच राहिलं. दिवा आजवर परत लागलेला नाही.

पॅकची खरी तब्येत मात्र कोडवरून कळत नाही, ती ब्लॉकच्या व्होल्टेजवरून कळते. उदाहरणार्थ, टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या निकेल-मेटल हायड्राइड पॅकमध्ये ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल (लहान बॅटऱ्या) असतात, मिळून २०१.६ व्होल्ट, आणि गाडी ती दोन-दोनच्या १४ ब्लॉकमध्ये मोजते. उभ्या गाडीत सगळे ब्लॉक सारखेच दिसतात. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर एखादा इतरांपेक्षा खाली बसत असेल आणि चार्ज होताना तोच आधी वर उडत असेल, तर तो थकलाय. मधले ब्लॉक जास्त तापतात, म्हणून आधी त्यांच्याकडे बघायचं. आकडे बघायला शेजारी दुसरं माणूस बसवा, चालवणाऱ्याने मोबाईलकडे बघू नये.

मर्यादाही आहेत. साधी अ‍ॅप फक्त इंजिनचे कोड वाचतात. हायब्रिड आणि एबीएसचं वाचायला तुमच्या कंपनीची माहिती असलेलं अ‍ॅप लागतं. टोयोटा-लेक्सससाठी डॉ. प्रियस नावाचं अ‍ॅप आहे. काही कोडांना जोडलेला तीन आकडी उपकोड कंपनीच्या सॉफ्टवेअरवरच खात्रीने दिसतो. ब्रेकचा लाल दिवा लागला तर स्कॅनर काहीही दाखवो, गाडी बाजूला घेऊन टोइंगवाल्याला बोलवा. मोठ्या पॅकच्या जास्त व्होल्टच्या नारिंगी केबलला तर हातच लावू नका. पॅकचा वीजपुरवठा तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही कपॅसिटर रिकामे व्हायला निदान दहा मिनिटं लागतात, ते काम रबरी हातमोजे घालणाऱ्या जाणकाराचंच.

एक गोष्ट मला मनापासून खटकते : बरेच मेकॅनिक आधी बॅटरीची तार काढतात किंवा कोड पुसतात आणि मग तपासायला घेतात. त्याने ती साठलेली नोंदही जाते. गाडी कुणाच्याही हातात द्यायच्या आधी कोड आणि नोंदीचा स्क्रीनशॉट घ्या.

घेताना बघा : आयफोनला जुन्या प्रकारचं ब्लूटूथ चालत नाही, ब्लूटूथ एलई किंवा वायफायचा अडॅप्टर लागतो. अगदी स्वस्तातले नकली नग हायब्रिडचे आकडे मागितले की मध्येच तुटतात, म्हणून परत करता येईल अशा ठिकाणाहूनच घ्या आणि पहिल्याच दिवशी ब्लॉकचे व्होल्टेज दिसतात का ते तपासा. गाडी उभी करताना अडॅप्टर काढून ठेवायचा. लावलेला राहिला तर तो तीच लहान बॅटरी हळूहळू उतरवतो.