फ्रीसर्फर ७.४.१ : आकडा नेहमीच मिळतो, तो तपासावा मात्र लागतो

कॉर्टेक्सची (मेंदूच्या बाहेरच्या थराची) जाडी, हिप्पोकॅम्पस या स्मृतीच्या भागाचं आकारमान, व्हेंट्रिकल (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या) किती फुगल्यात, हे सगळं मेंदूच्या एमआरआयवरून मोजायचं असेल तर संशोधक बहुधा आधी फ्रीसर्फर हा संगणक-प्रोग्राम उघडतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मार्टिनोस सेंटरनं तो विकसित केला. अँडर्स डेल, ब्रूस फिशल आणि मार्टिन सेरेनो यांचे पायाभूत लेख १९९९ सालचे. संशोधनासाठी तो फुकट आहे. नोंदणी केली की लायसन्सची छोटी फाइल ईमेलनं येते. ती फ्रीसर्फरच्या मुख्य फोल्डरमध्ये ठेवली नाही, तर काम अडतं. रुग्णाच्या निदानासाठी मात्र हे साधन नाही. रिपोर्टमध्ये इथला आकडा लिहू नये.

लिनक्स किंवा मॅक असेल तर बसवणं सोपं आहे. विंडोजवर डब्ल्यूएसएल-२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) मधून चालतो, पण तिथं एक खोच आहे: डब्ल्यूएसएल-२ ला मशीनची निम्मीच रॅम मिळते. १६ जीबीच्या संगणकावर ८ जीबीच उरते, आणि जड टप्प्यावर प्रक्रिया ‘किल्ड’ एवढाच शब्द दाखवून बंद पडते. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये मर्यादा आधीच वाढवून घ्या. एकाच वेळी अनेक स्कॅन चालवायचे असतील तर प्रत्येकी ८ जीबीचा हिशेब धरा. रिकॉन-ऑल ही मुख्य आज्ञा एका मेंदूला साधारण सहा-आठ तास घेते, जुन्या मशीनवर त्याहून जास्त. वीज जाऊन काम तुटलं तर स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये ‘इजरनिंग’ नावाची फाइल मागे राहते. ती काढल्याशिवाय पुढची आज्ञा सुरूच होत नाही. नवशिक्याचा अर्धा दिवस इथं जातो.

स्कॅन कोणता द्यायचा, यावर निम्मा निकाल ठरतो. थ्रीडी टी-१ (मेंदूची रचना दाखवणारा एमआरआयचा प्रकार) हवा, एमपीरेज या पद्धतीचा किंवा त्याच्या तोडीचा, तिन्ही दिशांना १ मिमीच्या आसपास. हॉस्पिटलच्या सीडीवरचे ५ मिमी जाडीचे काप रिकॉन-ऑलला देऊ नयेत. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं औषध दिल्यानंतरचा टी-१ही टाळावा. ड्युरा (मेंदूवरचं जाड आवरण) आणि रक्तवाहिन्या उजळतात आणि कॉर्टेक्सची बाहेरची सीमा त्यांच्यापर्यंत ओढली जाते. मोठा ट्यूमर, स्ट्रोकची जुनी पोकळी किंवा शस्त्रक्रियेनं काढलेला भाग असेल तर ही आज्ञा त्यासाठी बनलेलीच नाही. दोन वर्षांखालच्या बाळांसाठी वेगळी इन्फंट आवृत्ती आहे.

हललेल्या डोक्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. स्कॅनमध्ये डोकं हललं की ग्रे मॅटर (कॉर्टेक्सचा थर) आणि त्याखालचं व्हाइट मॅटर यांमधली कड धूसर होते, आणि कॉर्टेक्स प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. पार्किन्सनचे रुग्ण किंवा एडीएचडी असलेली मुलं निरोगी गटापेक्षा जास्त हलतात. म्हणजे आजारानं कॉर्टेक्स झिजला असं जे दिसतं, त्यातला काही भाग निव्वळ हालचालीचा असू शकतो. फ्रीसर्फर याबद्दल एका शब्दानंही सावध करत नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. लॉगच्या शेवटी ‘फिनिश्ड विदाउट एरर’ येतं, त्याचा अर्थ आज्ञा न अडखळता संपली एवढाच. पृष्ठभाग बरोबर आखला गेला की नाही, हे ती ओळ सांगत नाही. म्हणून अभ्यासाचं वेळापत्रक आखताना मशीनच्या तासांसोबत माणसाचे तासही धरा: नीट निघालेल्या मेंदूला दहा-पंधरा मिनिटं, बिघडलेल्याला एक-दोन तास.

तपासणी फ्रीव्ह्यू या फ्रीसर्फरच्याच चित्रदर्शकात करायची आणि क्रम ठरलेला ठेवायचा. सुरुवात टालाइराख जुळणीपासून, म्हणजे मेंदू प्रमाण-नकाशावर कसा बसवला गेला ते पाहण्यापासून. कवटीच्या आतलं एकूण आकारमान, म्हणजे ईटीआयव्ही, याच जुळणीवरून काढलेला अंदाज असतो. तो थेट मोजलेला नसतो. जुळणी तिरकी बसली की ईटीआयव्ही चुकतो, आणि त्यानं भागलेला प्रत्येक आकडा सोबत चुकतो. हिप्पोकॅम्पस अगदी बिनचूक आखला गेला तरी भागाकारानंतर तो लहान-मोठा दिसेल.

मग ब्रेनमास्क, म्हणजे कवटी कापून उरलेली मेंदूची प्रतिमा. कवटी नीट कापली गेली नसेल तर डोळ्यांचा मागचा भाग किंवा ड्युरा शिल्लक राहतो. जास्त कापली असेल तर टेम्पोरल लोबचं टोक किंवा सेरेबेलम गायब होतो. कापणी किती करायची ते ठरवणाऱ्या वॉटरशेड उंबरठ्याची मूळ किंमत २५. मेंदू कापला जात असेल तर ३५ करून पाहा, कवटी उरत असेल तर २० च्या आसपास. तेवढ्यानं भागलं नाही तर जी-कट हा पर्याय आहे, आणि त्याहून चांगला सिंथस्ट्रिप. हे न्यूरल नेटवर्कवर चालणारं साधन वेगवेगळ्या प्रकारचे स्कॅन सांभाळून घेतं. कवटीचा तुकडा राहून गेला तर पुढे टोपॉलॉजी दुरुस्तीचा (पृष्ठभागातली भोकं बुजवण्याचा) टप्पा तासन् तास चालतो. एखादा स्कॅन तिथंच रेंगाळत असेल तर वाट पाहत बसू नका, थांबवून मास्क बघा.

शेवटी पृष्ठभागाच्या रेषा: निळी रेष व्हाइट मॅटरची सीमा, लाल रेष पियाची (कॉर्टेक्सची बाहेरची सीमा), असे रंग लावून तिन्ही प्रतलांत सरकत जायचं. निळी रेष व्हाइट मॅटरच्या बारीक पट्ट्या वगळत असेल तर आधी टी-१ फाइलमधली तीव्रता पाहा. नॉर्मलायझेशननंतर व्हाइट मॅटर ११० वर यायला हवं. तिथं ९०-९५ दिसत असेल तर कंट्रोल पॉइंट (इथं व्हाइट मॅटर आहे असं सांगणाऱ्या खुणा) टाकायचे, पण नक्की व्हाइट मॅटर असलेल्या व्हॉक्सेलमध्येच (स्कॅनच्या छोट्या घनात). कडेवर टाकलेला पॉइंट ग्रे मॅटरलाही उजळवतो आणि कॉर्टेक्स पातळ होतो. मोजके टाका आणि वेगवेगळ्या कापांवर पसरून टाका. तीव्रता ११० असूनही रेष चुकत असेल तर पॉइंटांचा उपयोग नाही. तेव्हा व्हाइट मॅटरच्या फाइलमध्येच व्हॉक्सेल भरायचे किंवा पुसायचे. लाल रेष ड्युरावर गेली असेल तर ब्रेनमास्कमधून तेवढा पट्टा पुसायचा. सुदैवानं दरवेळी सगळं पहिल्यापासून चालवावं लागत नाही: पॉइंटांनंतर, व्हाइट मॅटरच्या दुरुस्तीनंतर आणि पियाच्या दुरुस्तीनंतर कुठून पुन्हा सुरू करायचं याचे वेगवेगळे पर्याय आहेत. ही सोय उत्तम आहे.

शेकडो मेंदू असतील तर कुठून सुरुवात करायची? एसेगच्या (मेंदूच्या भागांच्या आकारमानांच्या) आकड्यांच्या फाइलमध्ये ‘सरफेसहोल्स’ अशी ओळ असते. दुरुस्तीआधी पृष्ठभागाला किती भोकं होती, ते ती सांगते. सर्वाधिक भोकांचे स्कॅन आधी उघडा. एंटोरायनल कॉर्टेक्स आणि टेम्पोरल पोल या टेम्पोरल लोबमधल्या भागांकडे मात्र प्रत्येकात बघा. ड्युराची जवळीक आणि कमी कॉन्ट्रास्ट यांमुळे तिथं चूक नेहमीची. हिप्पोकॅम्पसचे उपभाग मोजण्याची सोय आहे, पण १ मिमीच्या टी-१ मध्ये त्यांच्या आतल्या सीमा दिसतच नाहीत. आकडा येतो तो बराचसा अॅटलसच्या (आधीच आखलेल्या नमुना-नकाशाच्या) अंदाजावर.

काही महिन्यांनी पुन्हा काढलेले स्कॅन असतील तर एकाच माणसाच्या वेळोवेळीच्या स्कॅनसाठी असलेला लाँगिट्युडिनल मार्गच वापरा. दोन्ही स्कॅनमधून त्या माणसाचा मधला साचा बनतो आणि दोघांना सारखी वागणूक मिळते. पहिला स्कॅन प्रमाण धरून दुसरा त्यावर बसवला तर फरक एका बाजूला झुकतो.

अभ्यास चालू असताना आवृत्ती बदलू नका. ग्रोनेनशिल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तेच स्कॅन वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवले, तेव्हा आकारमानांत सरासरी ८.८ टक्के आणि जाडीत २.८ टक्के फरक पडला; ऑपरेटिंग सिस्टिम बदलल्यावरही पडला. आवृत्ती ८ मध्ये सिंथस्ट्रिप आणि सिंथसेग (मेंदूचे भाग आखणारं न्यूरल नेटवर्कचं साधन) मुख्य मार्गातच आले आहेत. नवा अभ्यास तिथून सुरू करायला हरकत नाही. चालू अभ्यास ७.४.१ वरच संपवावा.

वर नाकारलेल्या ५ मिमीच्या कापांसाठी ७.४.१ मध्येच सिंथसेग आहे. कोणताही कॉन्ट्रास्ट, कोणतीही जाडी चालते, जीपीयू नसला तरी काही मिनिटांत मोठ्या रचनांची आकारमानं मिळतात, आणि गुणवत्तेचे गुणही मागता येतात. कमी दर्जाच्या स्कॅनसाठी ‘रोबस्ट’ पर्याय निवडा, त्याला रॅम जास्त लागते. जुन्या संग्रहातून आकारमानं काढायला हे साधन फार मोलाचं आहे. कॉर्टेक्सच्या जाडीसाठी मात्र जाड कापांवर विसंबू नये.

फ्रीसर्फर कॉर्टेक्सचे भाग पाडतो तो मूळ डेसिकन-किलियनी अॅटलस ४० मेंदूंवरून बनला, प्रत्येक बाजूला ३४ भाग. भारतीय मेंदूंसाठी बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेतल्या संशोधकांनी ६ ते ६० वयाचे पाच टेम्प्लेट (नमुना-मेंदू) २०२० मध्ये प्रसिद्ध केले. ते फ्रीसर्फरसोबत येत नाहीत. कॉर्टेक्सच्या घड्या जुळवणाऱ्या पृष्ठभाग-पद्धतीत त्यांची उणीव कमी भासते, व्हॉक्सेलवर आधारलेल्या विश्लेषणात जास्त.

एक गोष्ट फ्रीसर्फरच्या माहितीपत्रात ठळक असायला हवी होती. फ्रीसर्फरचा फोल्डर दुसऱ्या संस्थेला पाठवला की रुग्णाचा चेहराही जातो. ओरिग, एनयू, टी-१ या सगळ्या फाइलींमध्ये नाक, डोळे, कान शाबूत असतात. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ पैकी ७० जणांचा एमआरआय चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं त्यांच्या फोटोंशी जुळवून दाखवला. ब्रेनमास्क पाठवून भागत असेल तर तेवढाच पाठवा. पूर्ण स्कॅन द्यायचाच असेल तर प्रतीवर चेहरा पुसणारं मायडीफेस चालवा, फ्रीव्ह्यूमध्ये थ्रीडी करून चेहरा गेल्याची खात्री करा आणि मग जुन्या फाइली त्या फोल्डरमधून काढून टाका.