सिबिलवाल्या दादाचा ७६२

गेल्या वर्षी दिवाळीनंतर नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एक वन बीएचके बघितला. टोकनसुद्धा दिलं नव्हतं, पण देवघर कुठल्या भिंतीला बसेल हे बायकोने ठरवून टाकलं होतं. बँकेत गेलो. मॅडमनी पॅन टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सिबिल स्कोअर ६३८ दिसतोय. एवढ्यावर होमलोनची फाईल पुढे जाणार नाही." हा स्कोअर म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याचे गुण. कशामुळे कमी आहे हे विचारायचं मला सुचलंच नाही. मान खाली घालून बाहेर आलो.

त्याच आठवड्यात फेसबुकवर जाहिरात दिसली. 'सिबिल ७५०+ फक्त १५ दिवसांत, नाहीतर पैसे परत.' ऑफिस एका झेरॉक्सच्या दुकानावर, पोटमाळ्यासारख्या खोलीत. चकाचक शर्टातला पोरगा, तिशीचाही नसेल. "दादा, टेन्शन घेऊ नका, मुंबईला आपली सेटिंग आहे." नोंदणीचे ३,५०० तिथेच घेतले. पुढे 'बँकेतल्या माणसाला' म्हणून ८,०००, मग 'फायनल अपडेट'चे ६,०००. एकूण १७,५००, आणि सगळे त्याच्या स्वतःच्या नावावर गुगल पे. पावती मागितली तर म्हणाला, "पावतीवर काम केलं तर वरचा माणूस हात लावत नाही." मला तेही पटलं, बोला.

पॅन, आधार, फोटो दिले. तीन वेळा फोन आला, "ओटीपी आला का दादा?" तिन्ही वेळा सांगितला.

त्या ओटीपींचं त्याने काय केलं, ते मला नंतर कळलं. माझ्या नावाने लॉगिन उघडलं आणि ईमेल मात्र स्वतःचा टाकला. माझ्या रिपोर्टमध्ये तीन खाती होती: बुलेटचं कर्ज, फ्रिजचा हप्ता आणि एक क्रेडिट कार्ड. तिन्हींवर त्याने एकच तक्रार टाकली, 'हे खातं माझं नाही.' खाती माझीच, सह्या माझ्याच. कर्ज देणाऱ्यांनी तसं कळवलं आणि तिन्ही तक्रारी निकालात निघाल्या. ती उत्तरं गेली त्याच्या ईमेलवर. मला रोज व्हॉट्सॲपवर एकच निरोप, "प्रोसेसमध्ये आहे दादा."

अठराव्या दिवशी पीडीएफ आली. स्कोअर ७६२. पेढे घेऊनच बँकेत गेलो.

मॅडमनी तो कागद हातात घेऊन पान उलटलं आणि विचारलं, "हा तुम्ही स्वतः काढलाय?" मग त्यांनी ताजा रिपोर्ट काढला. ६३१. आधीपेक्षा सात कमीच, कारण मधल्या काळात कुठल्याशा लोन ॲपवर माझ्या नावाने कर्जासाठी दोन चौकश्या पडल्या होत्या. त्यांनी पेनाने दाखवलं. पहिल्या पानावर ७६२, आणि आतल्या पानावर बुलेटच्या खात्याखाली महिन्यामहिन्याच्या चौकटींत थकलेल्या दिवसांचे आकडे जसेच्या तसे. ते ७६२ शेजारच्या अक्षरांपेक्षा केसभर खाली बसलं होतं, कडाही धुरकट. माझं फ्लेक्स आणि पत्रिकांचं दुकान आहे. गिऱ्हाईकाच्या पत्रिकेत जरासा हललेला काना मी लांबून पकडतो, आणि स्वतःच्या रिपोर्टवर चिकटवलेला आकडा मला दिसला नाही. "हा फाईलला लावला असतात, तर खोटा कागद दिला म्हणून तुमच्यावरच आलं असतं," मॅडम म्हणाल्या. पेढ्यांचा बॉक्स तसाच घरी आणला.

खरा घोळ बघायला मला दहा मिनिटं लागली. बुलेटचं कर्ज २०१९ मध्ये फिटलं होतं. एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, आली, आरटीओत जाऊन आरसीवरचा बोजाही उतरवला होता. पण रिपोर्टमध्ये ते खातं चालूच, आणि थकबाकी १,४१६ रुपये. फायनान्स कंपनीने खातं बंद झाल्याचं पुढे कळवलंच नव्हतं. एनओसी घरच्या पत्र्याच्या पेटीत, आरसीच्या झेरॉक्सखाली होती. त्या पोराने ती मागितलीसुद्धा नाही.

आपल्याकडे सगळ्याला सिबिल म्हणतात, पण कर्जफेडीची नोंद ठेवून स्कोअर देणाऱ्या कंपन्या चार आहेत: सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक दिसली तर तक्रार त्यांच्याच वेबसाइटवर करायची, तीही फुकट. मुख्य म्हणजे कर्ज देणाऱ्याने होकार दिल्याशिवाय या कंपन्या नोंद बदलत नाहीत. मग 'सेटिंग' करणार कोणाशी?

मी चारही रिपोर्ट काढले. चूक तिघांकडे होती. या वेळी ईमेल माझा टाकला, खातं एकच निवडलं आणि 'माझं नाही' असं न लिहिता बाकी रक्कम आणि खात्याची स्थिती चुकीची आहे असं लिहिलं. फायनान्स कंपनीच्या शाखेत एनओसीची प्रत देऊन पोच घेतली, त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही मेल केला. ३० दिवसांत निकाल लावावा लागतो, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. मेलमध्ये तो मी मुद्दाम लिहिला. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, त्यालाही पैसे पडत नाहीत. माझ्यावर ती वेळ आली नाही. २४व्या दिवशी खात्यापुढे 'बंद' आलं, बाकी शून्य.

मेव्हण्याचं प्रकरण वेगळं आहे. त्याने क्रेडिट कार्डाचे अर्धे पैसे भरून तडजोड केली होती, त्यामुळे नोंद आहे 'सेटल्ड'. तीही पुसून देतो म्हणून त्याच पोराने त्याच्याकडे १०,००० मागितले होते. ती नोंद खरी आहे, ती तक्रार करून जात नाही. उरलेले पैसे बँकेत भरायचे, तसं पत्र घ्यायचं आणि खातं बंद झाल्याचं बँकेलाच कळवायला लावायचं, एवढाच रस्ता. मेव्हण्याने मार्चपासून थोडे थोडे बाजूला काढायला घेतलेत.

त्या पोराची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. झेरॉक्सवर आता शिवणक्लासची पाटी आहे आणि नंबर बंद. १७,५०० त्यातच गेले. माझा स्कोअर दीड महिन्याने ७४४ झाला. मॅडमनी फाईल घेतली, पण तोवर पाथर्डी फाट्याचा फ्लॅट दुसऱ्याने बुक केला होता. सध्या आडगावच्या बाजूला बघतोय. बायको म्हणते, या वेळी आधी कर्ज, मग देवघर.