स्लाड कोणता घ्यावा: २००३ चा, २००८ चा की २०१४ चा?

या उन्हाळ्यात गावातल्या पोरांना घेऊन डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायचा खेळ) सुरू करायचं ठरवलं असेल आणि खलनायक म्हणून स्लाड मनात असेल, तर आधी एक ठरवावं लागतं. कोणत्या एडिशनचा, म्हणजे नियमांच्या कोणत्या आवृत्तीचा, स्लाड? बेडकासारखा दिसणारा हा राक्षस १९८१ च्या 'फीण्ड फोलिओ' या खेळातल्या राक्षसांच्या पुस्तकात आला. तो चार्ल्स स्ट्रॉस यांनी रचला. तेव्हापासून तो अराजकाचा पुतळा म्हणून ओळखला जातो, पण लाल, निळा, हिरवा, करडा आणि मृत्यू-स्लाड अशी त्याची चढती उतरंडही आहे. आमच्या टेबलावर पहिल्याच रात्री जिनिंगमध्ये काम करणाऱ्या मित्रानं विचारलं, "अबे, कोनाचंच ऐकत नाहीत म्हनतं, मंग रंगानं रांगेत काऊन उभे?" मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तीन एडिशन शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या.

२००८ ची चौथी एडिशन आधी बाजूला काढतो. तिथे अलाइनमेंट (पात्राचा कल शिस्तीकडे की अराजकाकडे, चांगला की दुष्ट, याचे प्रकार) नऊवरून पाचवर आल्या आणि स्लाड सरळ केऑटिक ईव्हिल, म्हणजे अराजकी आणि दुष्ट, झाला. एका रात्रीत संपवायची मारामारी असेल तर हे सोयीचं आहे. पण मग तो आणि डीमन (याच खेळातले अराजकी, दुष्ट सैतान) यांत खेळणाऱ्याला फरक जाणवत नाही, आणि स्लाड घेण्याचं कारणच उरत नाही.

खरी निवड २००३ ची साडेतिसरी (३.५) आणि २०१४ ची पाचवी एडिशन यांत आहे. दोन्हींत लाल स्लाड माणसाच्या अंगात अंडं घालतो आणि त्यातून निळा निघतो. निळा माणसाला रोग लावतो, त्यातून लाल होतो. माणूस जादू जाणणारा असला तर हिरवा. फरक मुदतीत आहे. साडेतिसरीत अंडं एका आठवड्यात फुटतं, पाचवीत तीन महिन्यांत. कागदावर ही बारीक गोष्ट वाटते, टेबलावर सगळा खेळ तिच्यावर फिरतो. आठवड्याची मुदत असली की पार्टी, म्हणजे खेळणाऱ्यांच्या पात्रांची टोळी, लगेच वैद्य-भगत शोधत धावते. तीन महिने म्हणजे मृगावर पेरलेल्या पऱ्हाटीला बोंडं लागेपर्यंतचा काळ. तेवढ्यात तो माणूस घरी जेवतो, निंदणाला जातो, हसतो, आणि आत काय वाढतंय ते त्याला ठाऊक नसतं. मला ही भीती जास्त खरी वाटते. पण आठ-दहा बैठकांचा उन्हाळी खेळ असेल तर आठवडाच घ्या, तीन महिने तुमच्या हाती लागणार नाहीत.

मित्राच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पाचवीतच मिळतं. मोड्रॉनांचा, म्हणजे शिस्तीच्या यंत्रवत प्राण्यांचा, स्वामी प्रायमस यानं लिंबो या अराजकाच्या लोकातल्या गोंधळाला शिस्त लावायला एक प्रचंड, नियमबद्ध आकाराचा दगड तिथे टाकला. त्या दगडानं अराजक शोषलं आणि त्यातूनच स्लाड जन्मले. शिस्तीच्या दगडातून आले म्हणून त्यांच्यात रंगांची रांग, असा अर्थ मी लावतो, आणि पोरांना तो पटला. याची किंमतही आहे. अराजक आपलं आपण उगवलेलं राहत नाही, कुणाच्या तरी चुकीचं फळ होतं.

इथे मला आमच्या शिवारातला चकवा आठवतो. तो कोण, हे विचाराल तर दारव्ह्याकडचा आजा एक सांगतो, आमची आजी दुसरंच. पण तो काय करतो यावर वाद नाही. रात्री त्याच त्या धुऱ्यावर उजाडेपर्यंत फिरवतो. म्हणून पोरांना अंधारात एकच बांध दुसऱ्यांदा दिसला, की सांगावं लागत नाही. स्लाडचंही तसंच करा. उगमाची कथा टेबलावरच्या पात्रांना वेगवेगळी सांगू द्या, एकाला प्रायमसची, दुसऱ्याला दुसरी. अंड्याची मुदत आणि रंगांचा क्रम मात्र पहिल्या बैठकीपासून शेवटपर्यंत बदलू नका, नाहीतर पोरं सुगावा जोडणं सोडून देतात.

     

स्लाडसाठी माझं मत पाचवीच्या दगडाला आणि तीन महिन्यांना. आमची दर शनिवारी बैठक आहे, खेळ दिवाळीपर्यंत चालवायचा आहे, आणि आमच्या पार्टीतल्या एकाला लाल स्लाडनं ओरबाडलंय. जूनच्या पहिल्या पावसात.