सायनस लिफ्टमध्ये पीआरपी घ्यावं की नुसती बोन पावडर?

वरची मागची दाढ काढून बरीच वर्षं झाली असतील आणि आता तिथे इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसवायचं असेल, तर स्कॅन पाहून डॉक्टर बहुधा म्हणतात, "हाड कमी आहे, सायनस लिफ्ट करावं लागेल." जळगाव असो की धुळे, खर्चाच्या कागदावर मग बोन ग्राफ्ट (म्हणजे हाड वाढवायला भरायची बोन पावडर किंवा हाड) आणि पीआरपी अशा दोन ओळी दिसतात, आणि यातलं एकच निवडायचंय असं पेशंटला वाटतं. पण दोन्हींची कामं वेगळी आहेत.

दाढ गेल्यावर हाड झिजतं आणि सायनस, म्हणजे वरच्या दाढांच्या वर असलेली हवेची पोकळी, खाली उतरते. शस्त्रक्रियेत तिचं नाजूक अस्तर वर उचलून खाली ग्राफ्टचे कण भरतात. ते जागा धरून ठेवतात आणि त्यांच्यामधून आपलं हाड वाढतं. पीआरपी म्हणजे आपलंच रक्त यंत्रात फिरवून काढलेला, प्लेटलेट दाटलेला द्रव. जखम भरायला मदत करणारे घटक त्यात आहेत, पण अस्तर उचलून धरायची ताकद नाही. १९९८ मध्ये तोंडाचे सर्जन रॉबर्ट मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ग्राफ्टमध्ये पीआरपी मिसळल्यावर हाड लवकर पक्कं होतं असं मांडलं, तेव्हा मोठी आशा होती. पुढच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळले नाहीत, आणि इम्प्लांट जास्त टिकतं असं ठामपणे दिसलं नाही. म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी चांगल्या स्कॅनवर आणि ग्राफ्टवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी निवड ग्राफ्टमध्येच आहे. स्वतःचं हाड सर्वांत जिवंत, पण ते हनुवटीतून किंवा खालच्या जबड्यातून काढायचं म्हणजे दुसरी जखम. सर्रास वापरली जाणारी पावडर गोवंशाच्या हाडापासून, त्यातला सेंद्रिय भाग काढून बनवतात. ती हळू विरघळते, त्यामुळे मिळालेली उंची टिकते. पण आपल्याकडे जैन, महानुभाव, माळकरी घरं भरपूर. नंतर कळलं तर मनाला लागतं. वरून लावायचा कोलॅजनचा पडदाही काही वेळा डुकरापासूनचा असतो, तेव्हा मुस्लिम कुटुंबांनीही आधीच विचारावं. डबीवरचं नाव वाचून दाखवायला सांगण्यात संकोच कसला? प्राण्यांचं काहीच नको असेल तर कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटची पावडर मिळते. तिचे काही प्रकार लवकर विरघळतात, एवढं धरून चालावं.

पाचेक मिलिमीटर हाड शिल्लक असेल तर बहुतेकदा इम्प्लांट त्याच वेळी बसतं. त्याहून बरंच कमी असेल तर आधी ग्राफ्ट, मग साधारण ६ ते ९ महिने थांबणं. सात-आठ मिलिमीटर असेल तर आखूड इम्प्लांटवर भागतं का, हे विचाराच. लिफ्टच टळू शकते.

शहादा, रावेरकडून येणाऱ्यांनी परतीच्या प्रवासाआधी एवढं ऐकून घ्यावं: डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. बिडी आणि गुटखा बंद. ते चालू ठेवून पीआरपीचे पैसे भरणं मला पटत नाही.