साकीनाक्याच्या गाळ्यात नऊ महिने एमपीसीबी: वायर, डायल आणि एक कूलंट पंप

गणपतीत गाळा पाच दिवस बंद होता, तेव्हा आमच्या लेथचं पॅनेल रिकामं करून मी नव्याने भरलं. जुन्यात 32 अँपिअरचा एक मेन एमसीबी (करंट वाढला की आपोआप उडणारा स्विच), चार कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच), आणि लेथ फिरवणाऱ्या स्पिंडलच्या मोटरला तेवढा एक ओव्हरलोड रिले (जास्त करंट टिकून राहिला की मोटर बंद करणारा). आता चारही मोटरींना स्वतंत्र एमपीसीबी आहेत, म्हणजे खास मोटर वाचवणारे सर्किट ब्रेकर. कंपनीचं नाव लिहीत नाही. लोहार चाळीत जे तीन-चार चांगले मिळतात त्यांत फार फरक नाही.

हे सगळं घडलं कूलंट पंपामुळे. अर्धा एचपीचा पंप, नेमप्लेटवर 1.1 अँपिअर. टाकीत चिप्स अडकल्या की जाम होतो. जाम झालेली ही मोटर पाचेक अँपिअर ओढते आणि 32 च्या एमसीबीच्या ते गावीही नसतं. वर्षात दोनदा मोटर जळून रिवाइंडिंग केलं. ज्याने मूळ पॅनेल बांधलं त्याला विचारलं तर म्हणाला, "एमसीबी आहे ना!" आहे, पण तो त्याच्या मागच्या वायरीपुरता. दीड चौरस एमएमच्या वायरीला 32 म्हणजे तेही नाही. एमसीबी एवढा मोठा का टाकतात तेही कळतं म्हणा. डीओएलवर, म्हणजे थेट लाइनवर, मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट घेते. लहान सी कर्व्हचा (नेहमीच्या प्रकारचा) एमसीबी त्याच्या रेटिंगच्या पाच ते दहा पटीत केव्हाही उडू शकतो, मग वायरमन वैतागून पुढचं रेटिंग लावतो.

एमपीसीबीत हा तिढा सुटतो, कारण ओव्हरलोडची सावकाश ट्रिप डायलवर लावता येते आणि शॉर्ट सर्किटची ट्रिप वेगळी असते. स्पिंडलला 6 ते 10 अँपिअरचा घेतला, डायल नेमप्लेटप्रमाणे 7.5 वर ठेवला. शॉर्ट सर्किटची झटपट ट्रिप रेंजच्या वरच्या आकड्याच्या (10 च्या) साधारण 13 पट, म्हणजे 130 च्या आसपास. स्टार्टिंगचे 45-50 आरामात निघून जातात. नऊ महिन्यांत सुरू करताना एकदाही उडालेला नाही.

वायरींनी मात्र डोकं खाल्लं. "दीडची वायर पंधरा अँपिअर घेते" हे आपण सगळेच म्हणतो. मशीनच्या वायरिंगचं जे आयईसी 60204-1 हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात दीड चौरस एमएमच्या पीव्हीसी वायरीला डक्टमध्ये (वायरी टाकायच्या पन्हळीत) 13.5 अँपिअर धरलेत, तेही 40 अंशांना. आमच्या गाळ्यावर पत्रे. गेल्या मे महिन्यात दुपारी पॅनेलचं दार लावून आत थर्मामीटर ठेवला, तो 50 ला टेकला. म्हणून 13.5 ला 0.82 ने गुणायचं. एका डक्टमध्ये चार मोटरींच्या वायरी एकमेकींना तापवतात, त्यासाठी आणखी 0.65 ने. उरले किती? 7.2. स्पिंडलला हवेत 7.5! म्हणजे जुनी दीडची वायर उन्हाळ्यात रोज थोडी थोडी भाजत होती. काढली तेव्हा टर्मिनलजवळचं इन्सुलेशन नखाने मोडत होतं. अडीचची टाकली तर त्याच हिशेबाने पावणेदहा येतात, म्हणून स्पिंडलला अडीच. बाकीच्या तिघांना दीडच ठेवली, हायड्रॉलिक पंपाचे तर जेमतेम 4.9 अँपिअर. मेन 32 चा काढून 25 चा लावला.

फायदा कधी कळला? डिसेंबरात कूलंट पंप परत जाम झाला. मिनिटभरात खटकन आवाज आला आणि नॉब ट्रिपवर आला. चिप्स काढल्या, गार होऊ दिलं, नॉब फिरवला, पंप चालू. दुसऱ्यांदा आत्ता जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात. एक फेज गेला, हायड्रॉलिकची मोटर हूं हूं करायला लागली आणि ऑपरेटर धावत येईपर्यंत एमपीसीबीने तिला बंद केलं होतं. पूर्वी अशी मोटर सरळ रिवाइंडरकडे जायची.

तक्रारी आहेतच. किंमत तीन पोलच्या एमसीबीच्या तीन-चार पट. ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट (ट्रिपची खबर देणारा छोटा स्विच) वेगळा घ्यावा लागतो, आणि तो नसला तर कोणती मोटर उडाली ते बाहेरच्या दिव्यावर कळत नाही. सुरुवातीला मी चारही चिकटून बसवले होते. एप्रिलमध्ये स्पिंडलचा दुपारी उगाच उडायला लागला. क्लॅम्प मीटर लावला, करंट 7.2. मध्ये बसलेल्या स्पिंडलच्या एमपीसीबीला दोन्ही बाजूंचे शेजारचे एमपीसीबी तापवत होते. प्रत्येकाच्या मध्ये बोटभर फट सोडल्यापासून शांत आहे. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

सगळ्यात मोठा धोका डायलच. साध्या स्क्रूड्रायव्हरने कुणीही फिरवतो. त्याच एप्रिलात रात्रपाळीच्या पोराने सतत उडतो म्हणून 10 वर नेऊन ठेवला होता, तो मला सकाळी दिसला. तेव्हापासून चारही डायलवर लाल मार्करची रेघ आहे आणि दाराच्या आत प्रत्येकाचा आकडा चिकटवलाय. शिवाय तीन महिन्यांनी स्क्रू परत आवळा. आमचे दोन पाव आट्याने फिरले, फेरूल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) नीट चिमटलेले असूनही.

आता कॉम्प्रेसरचं पॅनेल घेणार आहे. ते स्टार-डेल्टा आहे, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत कमी करंटवर सुरू होऊन मग डेल्टा जोडणीत जाते. ते बांधणाऱ्याने ओव्हरलोड रिले डेल्टाच्या आतल्या वायरींवर लावून डायल मात्र मोटरच्या पूर्ण करंटवर ठेवलाय, तिथे त्याच्या 0.58 पट लागतो. शेठना सांगितलं तर म्हणाले, "आधी तो सरळ कर, खर्चाचं मागाहून बोलू."